बावन्न वह्या आणि एकच चूक : दहावीच्या गृहपाठाचा यशाशी संबंध नेमका किती?

शाईचा_डाग (रविवार, रात्री ९:४०)

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली बावीस वर्षे गणित शिकवते. शाळा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि सध्या दहावीच्या दोन तुकड्या माझ्याकडे आहेत. गेल्या आठवड्यात एका तुकडीच्या ५२ वह्या तपासताना जे आढळले ते येथे मांडते. येथे शिक्षक, पालक आणि पुष्कळ वाचन असलेली मंडळी आहेत, त्यामुळे प्रतिसाद विचारपूर्वक येतील अशी आशा आहे.

वर्गसमीकरणांच्या प्रकरणाला धरून एक साधे शाब्दिक उदाहरण घरी सोडवायला दिले होते. दोन संख्यांची बेरीज १५ आणि गुणाकार ५४ असेल, तर त्या संख्या कोणत्या? उत्तर ६ आणि ९. चौथ्या वहीत मांडणीच्या तिसऱ्या ओळीवर ५४ च्या जागी ४५ लिहिलेले दिसले. खाली उत्तर मात्र बिनचूक होते. घाईत अंकांची उलटापालट झाली असेल असे समजून मी लाल गोल केला आणि वही बाजूला ठेवली. सातव्या वहीत तेच, तिसऱ्याच ओळीवर. अकराव्या वहीत पुन्हा तेच. गठ्ठा संपला तेव्हा २३ वह्यांमध्ये ४५ होते आणि त्या तेवीसही वह्यांमध्ये उत्तर ६ आणि ९ होते. बेरीज १५ आणि गुणाकार ४५ येईल अशा दोन पूर्णांक संख्या अस्तित्वातच नाहीत, हे ज्याने ती ओळ एकदा तरी वाचली असती त्याच्या लक्षात आले असते. याचा अर्थ ती ओळ तेवीस जणांनी लिहिली आणि एकानेही वाचली नाही.

जुन्या पोथ्यांचे अभ्यासक समान चुकांवरून प्रतींची वंशावळ लावतात, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली ते ठरवतात, असे वाचलेले आठवले. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच उतरवून उतरवून शिरलेल्या पाठांना कंटाळून. माझ्यापुढे नाथांइतके थोर काम नव्हते, तरी त्या रात्री मी कागदावर बाकांचा नकाशा काढून मूळ प्रत कोणाची असावी याचा शोध घेत बसले होते, हे कबूल करते.

खरी बोचणी पुढची आहे. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी ५२ पैकी ४९ जणांपुढे ‘गृहपाठ पूर्ण’ अशी खूण झाली. ज्या तिघांपुढे झाली नाही, त्यांपैकी एका मुलाला दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावले, तर त्याने तेच उदाहरण दोन मिनिटांत सोडवून दाखवले. गणिताच्या २० अंतर्गत गुणांमध्ये गृहपाठाचाही वाटा असतो. त्या वाट्यात हा मुलगा मागे राहणार आणि ते तेवीस पुढे जाणार.

आता तपासण्याचा हिशेब. दोन तुकड्यांच्या मिळून १०४ वह्या होतात. प्रत्येक वहीला दोन मिनिटे दिली, तर २०८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास लागतात, आणि दोन मिनिटांत पाच उदाहरणांच्या पायऱ्या वाचून होत नाहीत, फक्त खूण करून होते. म्हणजे मुलांनी न वाचता लिहायचे आणि मी न वाचता तपासायचे, असा हा उभयपक्षी करार आहे. अशा गृहपाठाने दहावीच्या मुलाचे गणित खरोखर सुधारते का, आणि सुधारत नसेल तर तो बंद करावा की त्याचे स्वरूप बदलावे?

उंबरठा (रविवार, रात्री १०:२५)

ताई, मी शिक्षिका नाही, डोंबिवलीत राहणारी पालक आहे. आपल्या उभयपक्षी करारात एक तिसरा पक्षही आहे, तो म्हणजे क्लास.

माझी मुलगी दहावीत आहे. शाळा सकाळी सातला भरते आणि साडेबाराला सुटते. तीन ते साडेसहा क्लास. क्लासचा अभ्यासक्रम शाळेच्या दोन प्रकरणे पुढे असतो आणि तेथे दर शनिवारी चाचणी असते, जिचे गुण रात्रीच मोबाईलवर येतात. त्यामुळे घरी बसल्यावर आधी क्लासची वही उघडते. ती संपेपर्यंत दहा वाजतात. मग शाळेचा गृहपाठ निघतो, आणि तो ती ज्या वेगाने लिहिते तो पाहिल्यावर मला माझ्या कार्यालयातील जावक नोंदवही आठवते. मी एकदा विचारले, ‘अगं, हे समजून करते आहेस का?’ त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘आई, हे समजून करायचे नसते, हे द्यायचे असते.’

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास आणि नववीपासून पुढे दिवसाला दोन तास, अशी मर्यादा सांगितली आहे. दोन तासांची ही मर्यादा शाळेने पाळली तरी क्लासने कुठे पाळायची आहे? मुलीचा दिवस मोजताना कोणीतरी दोन्हींची बेरीज करायला हवी, आणि ती करणारे आम्ही पालकच क्लासचे पैसे भरतो, याची मला जाणीव आहे.

त्रिज्या (सोमवार, सकाळी ७:१०)

शाईचा_डाग यांचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मी अध्यापक महाविद्यालयात होतो आणि या विषयावरचे संशोधन बरीच वर्षे वाचत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गृहपाठाच्या बाजूने सर्वाधिक आधार दिला जातो तो अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांच्या कामाचा. १९८७ ते २००३ या काळातील अभ्यास एकत्र करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात सातवी ते बारावीच्या मुलांमध्ये गृहपाठ आणि यश यांचा संबंध स्पष्ट दिसतो, तर त्याखालच्या इयत्तांमध्ये तो फारच क्षीण आहे. मात्र हायस्कूलच्या मुलांनाही सुमारे दोन तासांच्या पुढे वाढत्या गृहपाठाचा वाढता लाभ दिसत नाही. शिवाय यातील बरेचसे अभ्यास सहसंबंधाचे आहेत. जी मुले मुळात अभ्यासात पुढे असतात तीच गृहपाठ नेमाने करतात, हेही त्या आकड्यांमागचे कारण असू शकते, आणि कूपर यांनी स्वतःच याविषयी सावध केले आहे. आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या सभांमध्ये हा सावधपणा गळून पडतो आणि ‘अमेरिकेत सिद्ध झाले आहे’ एवढेच उरते.

मला अधिक उपयोगी वाटते ते जर्मनीतील उलरिश ट्राउटवाइन यांचे २००७ चे काम. त्यांनी ‘गृहपाठ’ या एका शब्दाखाली आपण ज्या वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो त्या सुट्या केल्या: गृहपाठ किती वेळा दिला जातो, त्यावर मूल किती वेळ घालवते आणि ते त्यात किती मनापासून प्रयत्न करते. यश सर्वांत ठामपणे जोडलेले आढळले ते प्रयत्नाशी. वेळाशी असलेला संबंध इतका डळमळीत आहे की काही ठिकाणी तो उलटाही होतो, कारण ज्याला जमत नाही तो एकाच उदाहरणापाशी तासभर अडकून बसतो आणि तो तासही ‘अभ्यासाचा वेळ’ म्हणून मोजला जातो. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातील ७,७२५ मुलांच्या २०१५ च्या अभ्यासातही गणित आणि विज्ञानात दिवसाकाठी तासाभराचा गृहपाठ पुरेसा दिसला, आणि तो स्वतःच्या स्वतः करणारी मुले सतत मदत लागणाऱ्यांपेक्षा बरीच पुढे होती.

देशादेशांची तुलना करणाऱ्यांसाठी एक इशारा. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत शांघायची पंधरा वर्षांची मुले आठवड्याला १३.८ तास गृहपाठ करीत होती, तर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांची सरासरी ४.९ तास होती. फिनलंड २.८ आणि दक्षिण कोरिया २.९. कोरियाची मुले गणितात अग्रेसर आहेत म्हणून गृहपाठ कमी केला तरी चालते असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, ती मुले संध्याकाळी खासगी शिकवण्यांमध्ये बसलेली असतात हे आठवावे. उंबरठा यांना ते चित्र ओळखीचे वाटेल.

आपल्या तेवीस वह्यांत ट्राउटवाइन यांच्या परिभाषेत वारंवारता पूर्ण आहे, वेळ थोडा आहे आणि प्रयत्न शून्य आहे. म्हणून ‘गृहपाठाने सुधारते का’ या प्रश्नाचे उत्तर त्या वह्यांवरून देता येणार नाही. त्या वह्यांमध्ये गृहपाठ झालेलाच नाही.

पाटी_पेन्सिल (सोमवार, दुपारी १:३०)

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गृहपाठावर टीका करणे सध्या सोपे झाले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो.

दहावीच्या भूमितीत समरूपतेची प्रमेये केवळ वर्गात ऐकून कोणाच्याही हाताला लागत नाहीत. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, सूचना, आदल्या दिवशीच्या शंका आणि नवीन भाग हे सर्व बसवल्यावर मुलाच्या हाताला पेन लागण्यासाठी मोजून दहा मिनिटे उरतात. पोहणे काठावर उभे राहून शिकवता येते, परंतु मुलाला पाण्यात उतरावे लागतेच. काही मुले उतरवून काढतात म्हणून सराव रद्द करणे म्हणजे ताटात खडा निघाला म्हणून स्वयंपाकघराला कुलूप लावण्यासारखे आहे.

अंतर्गत गुणांविषयी मात्र माझे अनुभव कडू आहेत. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून घेतले गेले. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या काळात अभ्यासक्रमही बदलला होता आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हे मान्य करूनही मी म्हणेन की एवढा चढउतार मुलांच्या अभ्यासातील चढउतार असू शकत नाही. मग २०२१ उजाडले. परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लावला तो नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी कामाचे ३० गुण आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांचे २० गुण धरून. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या जूनमध्ये ‘गृहपाठ’ या रकान्यात गुण भरताना आमच्या शिक्षकांकडे वर्षभराचे मोबाईलवर आलेले अंधुक फोटो तेवढे होते. सर्वांनी सर्वांना भरभरून दिले. न देऊन करणार काय?

म्हणून माझे म्हणणे असे की गृहपाठ ठेवावा, पण त्याला गुण ठेवू नयेत.

पाटाचे_पाणी (सोमवार, रात्री ८:५५)

सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण स्वयंपाकघराच्या उपमेपाशी थोडा अडखळलो, कारण मला खरे स्वयंपाकघर आठवले.

आम्ही दोघे भावंडे एकाच वर्षी दहावीला होतो. मी आठवीत एकदा नापास झाल्यामुळे धाकटी बहीण माझ्या बरोबरीला आली होती. शाळेतून आल्यावर मी बैठकीच्या खोलीत टेबलावर बसत असे. आमच्या घरात टेबल एकच होते आणि ते माझे आहे याविषयी घरात कोणाला शंका नव्हती. ती चुलीपुढे बसून भाकरी थापताना पाटावर पुस्तक उघडे ठेवत असे. पान उलटायचे असेल तेव्हा पिठाचा हात लागू नये म्हणून ती कोपराने उलटायची. तिच्या भूगोलाच्या पुस्तकाची खालची उजवी टोके सगळी दुमडलेली आणि पिठाने पांढुरकी झालेली होती. गृहपाठ अपूर्ण राहिला म्हणून वर्गाबाहेर ती माझ्यापेक्षा जास्त वेळा उभी राहिली. निकाल लागला तेव्हा मला तिच्यापेक्षा अकरा गुण अधिक होते आणि ते अकरा गुण त्या टेबलाचे होते असे मला आजही वाटते.

शाळेच्या सहा तासांत सर्व मुले एका छताखाली, एका फळ्यापुढे असतात. गृहपाठ हा अभ्यासाचा असा भाग आहे की जो मुलांच्या घरांवर सोपवलेला असतो, आणि घरे सारखी नसतात. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सहज वाचू शकला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३.३ टक्क्यांनाच जमले. अशा मुलाला वर्गसमीकरणांची पाच उदाहरणे घरी नेऊन त्याने काय करावे? त्याच्यापुढे दोनच मार्ग आहेत, उतरवणे किंवा बाहेर उभे राहणे. तो शहाणा असतो, म्हणून उतरवतो.

त्रिज्या (सोमवार, रात्री ९:३०)

पाटाचे_पाणी यांच्या म्हणण्याला आकड्यांचीही साथ आहे. त्याच २०१२ च्या पिसा पाहणीत सुस्थितीतील घरांमधील मुले आठवड्याला सरासरी ५.७ तास गृहपाठ करीत होती आणि प्रतिकूल परिस्थितीतील मुले ४.१ तास. आणि आपल्याच देशात दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी केंद्राने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्ये प्राथमिक इयत्तांना गृहपाठ नसावा आणि त्यापुढे आवश्यक असेल तेथे तो पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा, असे लिहून ठेवले आहे. तीस वर्षे उलटून गेली. ‘पाठ्यपुस्तकाबाहेरचा’ याचा अर्थ आपण गाईडातला असा लावला.

पाटी_पेन्सिल (मंगळवार, सकाळी ६:५०)

पाटाचे_पाणी, आपल्या बहिणीविषयी वाचून रात्री बराच वेळ जाग होती. गृहपाठ अपूर्ण म्हणून मीही मुलींना बाहेर उभे केलेले आहे. कारण विचारले नव्हते. उपमा मागे घेतो. मात्र सराव हवा हे मत कायम आहे. तो घरीच झाला पाहिजे, हा आग्रह सोडतो.

अकरावीतली (मंगळवार, सायंकाळी ६:१५)

मी गेल्या वर्षी दहावी उत्तीर्ण झाले. माझ्या आत्याने हा धागा वाचायला दिला. येथे सर्व मोठी माणसे आहेत, तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मॅडम, आपण बाकांचा नकाशा काढला, त्याचा काही उपयोग होणार नाही. आता कोणी शेजारच्या बाकावरून उतरवत नाही.

आमच्या वर्गाचा एक ग्रुप होता, ज्यात शिक्षक नव्हते. रात्री साडेदहाच्या सुमारास कोणीतरी लिहायचे, ‘गणित टाका.’ मग दोन-तीन मुलींपैकी एक वहीचा फोटो टाकायची. ट्यूबलाईटखाली काढलेला फोटो असल्यामुळे पानाच्या मधोमध उजेडाचा पट्टा यायचा आणि त्याखालचे अंक अंदाजाने वाचावे लागायचे. आपल्या ५४ चे ४५ तिथेच झाले असेल असे मला वाटते. पोथीवरून पोथी अशी साखळी होत नाही. एका फोटोवरून सगळे एकाच वेळी उतरवतात. म्हणून चूकही सगळीकडे एकसारखी येते. फोटो टाकणाऱ्या मुलीच्या वहीत ती चूक नसेलही.

आम्ही आळशी होतो म्हणून उतरवत होतो असे पूर्णपणे नाही. गणिताची पाच उदाहरणे, विज्ञानाची प्रश्नोत्तरे, इतिहासाच्या टिपा आणि हिंदीचा निबंध एकाच दिवशी यायचे, कारण कोणत्या शिक्षकांनी काय दिले हे दुसऱ्या शिक्षकांना ठाऊक नसायचे. त्यातले काय उतरवायचे आणि काय खरोखर करायचे हे आम्ही ठरवायचो, आणि निकष एकच असायचा: कोण वाचते. आमच्या मराठीच्या बाई निबंधात काय लिहिले आहे त्यावर वर्गात बोलायच्या, म्हणून त्यांचा निबंध कोणीही उतरवला नाही.

शिवाय आता फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप आली आहेत. माझा भाऊ नववीत आहे. त्याला ग्रुपचीही गरज पडत नाही.

शाईचा_डाग (मंगळवार, रात्री १०:०५)

बाळ, तुझा प्रतिसाद वाचून मी आज जेवणानंतर पुन्हा वह्या काढल्या. एका मुलीच्या वहीत तिसऱ्या ओळीवर स्वच्छ ५४ आहे, पण तिच्या ५ चे पोट आणि ४ ची गाठ अशी एकमेकांत शिरलेली आहे की उजेडाच्या पट्ट्याखाली ते सहज ४५ वाचले जाईल. मूळ प्रत सापडली. तिला मी काही बोलणार नाही. वर्गात सर्वांत नीट मांडणी तिचीच असते.

‘कोण वाचते’ हा तुमचा निकष मला लागला. पाच उदाहरणे देऊन एकही न वाचण्यापेक्षा एक देऊन ते वाचणे मला शक्य आहे. सर म्हणतात तसा सराव घरीच व्हावा हा आग्रह मीही सोडून पाहते. आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या दोन तासिका जवळजवळ मोकळ्या असतात, एस. टी. च्या वेळेमुळे मुले तोपर्यंत थांबलेलीच असतात. त्या वापरता येतील. उदाहरणे कशी निवडावीत, याविषयी त्रिज्या सरांनी काही सुचवावे.

त्रिज्या (बुधवार, सकाळी ७:२५)

एकच गोष्ट सुचवतो, कारण ती विनाखर्च आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील सरावसंच ज्या पद्धतीचा भाग झाला त्याच पद्धतीची उदाहरणे देतो. त्यामुळे उदाहरण वाचण्यापूर्वीच कोणती पद्धत लावायची हे मुलाला ठाऊक असते. परीक्षेत नेमकी तीच निवड त्याला करावी लागते आणि तेथे तो गडबडतो. प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, पण तोही त्या प्रकरणापुरताच संकीर्ण.

अमेरिकेत फ्लोरिडातील डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या १२६ मुलांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उदाहरणे तीच, फक्त काही भागांची एकगठ्ठा दिली आणि काही भागांची इतर भागांत मिसळून, आठवड्यांमध्ये विखरून दिली. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत मिसळलेल्या भागांवर ८० टक्के आणि एकगठ्ठा भागांवर ६४ टक्के गुण आले. महिन्याने घेतलेल्या चाचणीत हेच आकडे ७४ आणि ४२ झाले. उदाहरण एकही वाढले नाही, शिक्षकांचे तपासणेही वाढले नाही, बदलला तो क्रम.

तेव्हा आज वर्गसमीकरण शिकवले तर आजचे एक, मागील महिन्यातील रेषीय समीकरणांचे एक आणि त्याही आधीच्या भूमितीतील एक, अशी तीन द्यावीत. पहिले दोन-तीन आठवडे मुले कुरकुरतील आणि चुकाही वाढतील, त्याला घाबरू नये. आणि वहीत गुणांऐवजी एक ओळ लिहावी. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. शेऱ्यासोबत गुणही दिलेल्यांची झाली नाही. गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष राहत नाही, हे आपण सर्वांनी आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर पाहिलेले आहे.

उंबरठा (बुधवार, दुपारी २:४०)

हे सर्व वाचून मी मुलीच्या क्लासमध्ये विचारले की शाळेचा गृहपाठ ज्या दिवशी जड असेल त्या दिवशी तेथील थोडा कमी करता येईल का. समोरच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले की इतर पालक तो वाढवून मागत आहेत.

शाईचा_डाग (पाच आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४:२०)

विचारणा करणारे निरोप आले, म्हणून जे घडले ते जसेच्या तसे लिहिते.

एका तुकडीला शनिवारच्या दोन तासिकांत शाळेतच बसवून मिसळलेली तीन उदाहरणे दिली. मोबाईल शाळेत नसतो, त्यामुळे फोटोचा प्रश्न आला नाही. आठवड्यात घरी एकच उदाहरण दिले आणि ते ज्याला जमणार नाही त्याने जिथपर्यंत जमले तिथपर्यंत लिहून पुढे ‘येथे अडलो’ किंवा ‘येथे अडले’ एवढे लिहावे, असे सांगितले. अडलेल्याला शिक्षा नाही, उतरवलेल्याला मात्र फळ्यापाशी यावे लागेल, हा एकच नियम ठेवला. दुसरी तुकडी पूर्वीप्रमाणेच चालू ठेवली, त्यामागे प्रयोगाची दृष्टी कमी आणि माझी धास्ती जास्त होती.

पहिले दोन शनिवार फार वाईट गेले. रेषीय समीकरणे जूनमध्ये उत्तम सोडवणारी मुले त्यांच्याकडे अनोळखी पाहुण्यासारखी पाहत होती. तिसऱ्या आठवड्यात एका पालकांनी शाळेत येऊन गृहपाठ कमी का केला अशी तक्रार केली. शेजारच्या तुकडीच्या वह्या जाड आणि आपल्या मुलाची बारीक, हे त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवले. कालच्या घटक चाचणीत या तुकडीची सरासरी दुसऱ्या तुकडीपेक्षा २० पैकी जेमतेम एका गुणाने पुढे आहे. एवढ्या फरकावर कोणताही दावा करण्याचे मला धाडस होत नाही, कारण तितका फरक या दोन तुकड्यांत एरवीही कधी असतो, कधी नसतो.

वह्यांमध्ये मात्र फरक आहे. गेल्या मंगळवारी ५२ पैकी १९ वह्यांत ‘येथे अडलो’ किंवा ‘येथे अडले’ असे होते, आणि त्यांतील बहुतेक सर्व मुले त्याच तीन ठिकाणांपैकी कुठेतरी अडली होती. त्या तीन जागा बुधवारी फळ्यावर घेतल्या, अर्धा तास लागला. बावीस वर्षांत मला मुले कुठे अडतात याचा अंदाज असे. या वेळी त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. त्यातील एका मुलाला भागाकारच येत नाही, हे मला दहावीच्या सप्टेंबरमध्ये कळले. पाटाचे_पाणी, तो कारखान्याच्या तोडणी टोळीबरोबर आईवडिलांसोबत फिरणारा मुलगा आहे. त्याच्याबरोबर मी आता मधल्या सुट्टीत चौथीचे गणित करते.

पाटी_पेन्सिल (शनिवार, सायंकाळी ७:००)

बाई, मनापासून अभिनंदन. एक व्यावहारिक शंका आहे. अंतर्गत मूल्यमापनासाठी गृहपाठाचे गुण आपल्याला शेवटी भरावेच लागतील. ‘येथे अडलो’ याला किती द्यायचे ठरवले आहे?

शाईचा_डाग (शनिवार, रात्री ९:१५)

सर, तेच ठरत नाही. तक्त्यात ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ असे दोन रकाने आहेत. तूर्त मी त्या एकोणीस जणांपुढे ‘पूर्ण’ लिहिले आहे, आणि मुख्याध्यापकांनी विचारलेच तर दाखवायला म्हणून ४५ असलेल्या त्या तेवीस पानांच्या छायाप्रती काढून ठेवल्या आहेत.